काकांचा पंप आणि काकूंचा पाय

काकांच्या शर्टाच्या खिशात मी कधी पेन पाहिलं नाही. तिथं व्हॅक्यूम गेज, म्हणजे हवेची ओढ मोजायचं मापक, असायचं. तळहाताएवढी गोल तबकडी, आत काळा काटा, खाली पितळी मान आणि मानेला वीतभर रबरी नळी. त्या वजनानं त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला ओघळलेले असत, आणि लग्नाबिग्नाच्या फोटोंतसुद्धा ते जरा कललेले दिसत. बँकेत जा, बारशाला जा, मयताला जा, गेज बरोबर. एकदा एका मयताच्या घरी ते नमस्काराला वाकले तेव्हा गेज खिशातून निसटून थेट तांदळाच्या ताटात पडलं होतं. काकांनी ते उचललं, पुसलं, कानाशी हलवून बघितलं आणि मगच डोळे मिटून हात जोडले.

पेणला रामवाडीत त्यांच्याकडे खोली बघायला गेले, तो दिवस अजून लख्ख आठवतो. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. रोह्यात मनासारखी खोली मिळेना, आणि कंपनीची बस रामवाडीवरून सुटायची. काका त्याच कंपनीतून मेंटेनन्स फिटर म्हणून रिटायर झालेले. घर मालकीचं, खालच्या मजल्याला मागच्या बाजूची खोली भाड्यानं द्यायची होती. एकट्या मुलीला घरमालक जे जे विचारतात त्या सगळ्याची उत्तरं मी बसमध्ये पाठ करून आले होते. काकांनी त्यातलं एकही विचारलं नाही. खिशातलं गेज काढलं, नळीचं टोक स्वच्छ रुमालानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"ओढ," ते म्हणाले.

"काय?"

"हवा. तोंडानं. जेवढी जमंल तेवढी."

मी ओढली. नोकरी नवी होती, खोलीची गरज होती. काकांनी काटा बघितला. "चार इंच. बरी हाय. आधीचा भाडेकरू दोनच्या वर गेला नाय."

आतून आवाज आला, "अवो, पोरीला आधी पानी तरी द्या. मग हवा ओढायला लावा."

काकूंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. त्यांच्या आधी त्यांचं पाऊल ऐकू यायचं. एक पाऊल साधं, दुसरं लोखंडाचं. काकूंना लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायाला गुडघ्याखालपर्यंत कॅलिपर, म्हणजे दोन लोखंडी दांड्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि खाली दगडासारखा बूट. गडब गावच्या शेतकऱ्याघरची मुलगी, त्या पायानं त्यांनी बांध ओलांडले होते, लावणीच्या दिवसांत माणसांचं जेवण शेतावर पोचवलं होतं. पायाबद्दल त्या बोलत नसत आणि दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे.

पण वय झालं तसा दुसरा, चांगला पाय दुखायला लागला. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं की एवढं लोखंड रोज उचलून फेकताना डाव्या खुब्याची वाट लागलीय. खुबा गेला तर बाई बसली म्हणून समजा. यावर उपाय म्हणजे कार्बन फायबरचा हलका कॅलिपर. बनवून देणारे लोक होते, डॉक्टरांनी पत्तासुद्धा लिहून दिला. काकांनी तो कागद उलटसुलट बघितला.

"ह्यात बनवून देन्यासारखं काय हाय?" असं ते डॉक्टरांसमोर म्हणाले, हे मला काकूंनी सांगितलं. "कार्बनचं कापड, रेझिन आनि पोकळी. मी देतो करून."

आणि मग ते पंप निवडायला बसले. मी खोली घेतली तेव्हा त्याला दीड वर्ष झालं होतं.

पद्धत सोपी आहे. मीही ती काकांकडूनच शिकले, चहाच्या एकेका कपाबरोबर. आधी पायाचा प्लास्टरचा साचा करायचा. त्यावर कार्बनचं काळं कापड कोरडंच गुंडाळायचं. त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. एका नळीनं पिशवीतली हवा पंपानं ओढून घ्यायची म्हणजे पिशवी कापडाला घट्ट आवळते, आणि दुसऱ्या नळीतून पातळ रेझिन आपोआप आत ओढलं जाऊन कापडात मुरतं. ते सुकलं की लोखंडासारखं टणक आणि सुपासारखं हलकं कवच तयार. होडीवाले, विमानवाले, हौशी लोक, सगळे असंच करतात. ऑस्ट्रेलियातला एक दाढीवाला आपल्या गॅरेजमध्ये दर रविवारी करतो आणि त्याचे व्हिडिओ टाकतो. काका त्याला 'आपला दाढीवाला' म्हणायचे आणि त्याच्या प्रत्येक व्हिडिओखाली मराठीत सूचना लिहायचे.

पूर्ण पोकळी म्हणजे काट्यावर तीस इंच. पंप तिच्या जितका जवळ जाईल तितका चांगला. एवढ्यावर एखाद्यानं बाजारात जाऊन पंप आणला असता. काकांनी तीन वह्या भरल्या. पहिल्या वहीत तेलाचे पंप, दुसरीत बिनतेलाचे, आणि तिसरीत आधीच्या दोन वह्यांतल्या चुका.

बाजारात काय मिळतं ते बघण्याआधी पेण-रोह्यात हवा ओढणारं जे जे यंत्र होतं ते त्यांनी मोजलं. गडबला एकानं म्हशींचं दूध काढायचं मशीन आणलं होतं, तिथं गेज लावून आले. पंधरा इंच. "म्हशीला तेवढंच सोसतं," ते घरी येऊन म्हणाले, आणि तेही वहीत लिहिलं. पेणच्या फ्रिजवाल्याकडे एसीत गॅस भरण्याआधी हवा काढायचा लहान पंप होता. तो एकोणतीसपर्यंत गेला. फ्रिजवाला भला माणूस, म्हणाला, काका, घेऊन जा, वापरा, आणून द्या. काकांनी त्याच्याकडे दयेनं बघितलं. "पावसात ह्याच्या तेलात पानी शिरतं, तेल दुधासारखं होतं," ते म्हणाले, "मग कसा ओढनार?" तो दिवस मार्चमधला होता.

सगळ्यात गाजला तो रोह्याच्या दातांच्या डॉक्टरांचा प्रसंग. काकांना कळलं की दातवाल्यांकडे तोंडातली थुंकी ओढून घ्यायचं यंत्र असतं. त्यांनी दाढ दुखते म्हणून नंबर लावला. डॉक्टरांनी खुर्ची मागे केली, तोंड उघडा म्हणाले, आरसा घातला आणि ओढणारी नळी हातात घेतली. काकांनी झटकन ती नळी त्यांच्या हातातून घेऊन खिशातल्या गेजला लावली. डॉक्टर तसेच आरसा धरून उभे. "हवा भरपूर ओढतं, पन खोलवर ओढत नाय," असा निकाल देऊन काका खुर्चीतून उठले. बाहेर बसलेल्या पेशंटांनाही त्यांनी तो सांगितला. डॉक्टरांनी आत काही सापडलं का म्हणून बघितलं असतं तर दोन दाढा खरोखरच किडलेल्या होत्या, त्या पुढच्या वर्षी काढाव्या लागल्या. तेव्हा काका अलिबागला गेले, कारण रोह्याच्या डॉक्टरांनी त्यांना नंबर दिला नाही.

हळूहळू माणसंही ते त्याच मापानं मोजायला लागले. एका पुढाऱ्याबद्दल म्हणायचे, "आवाज पाच हॉर्सपावरचा, ओढ काडीची नाय." माझ्या लॅबच्या साहेबांना कंपनीच्या कार्यक्रमात भेटले आणि मला हळूच म्हणाले, "गळका हाय. सांभाळून ऱ्हा." साहेबांना सांगितलेली कुठलीही गोष्ट तासाभरात प्लांटभर होते हे मला पुढं सहा महिन्यांनी कळलं. गळती हा त्यांचा आवडता विषय. घरातला कुकर शिट्टीच्या आधी जरा जरी फुसफुसला तरी ते पूजेवरून उठून स्वयंपाकघरात येत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, दिवसातून दोनदा तरी यायचं, "घाईत घेतलेला पंप आनि घाईत केलेलं लगीन, दोनी जनमभर आवाज करतात."

"आपलं दहा दिवसांत ठरलेलं," काकू आतून म्हणायच्या.

"म्हनून तर सांगतो."

कारखाना गच्चीवर. गच्चीला बाहेरून लोखंडी जिना, उभा आणि अरुंद, अठरा पायऱ्या. घर बांधून बारा वर्षं झाली होती आणि काकूंनी ही गच्ची एकदाही पाहिली नव्हती. दर उन्हाळ्यात त्या पोह्यांचे पापड करायच्या. पेणची बाई आणि पापड नाही असं होत नाही. लाटायच्या खाली, पण वाळवायला शेजारणींच्या हाती वर पाठवायच्या आणि खालून ओरडून विचारायच्या की ऊन नीट लागतंय का, कडा उचलल्या का. शेजारणी वरून हो म्हणायच्या. निम्मे पापड दरवर्षी वाकडे निघत. "एकदा मला वर जाऊ दे, मग बघ," असं त्या मला म्हणत. त्यांची हौस म्हणाल तर एवढीच होती. हलका कॅलिपर आला की जिना चढायचा आणि स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गच्चीवर पापड घालायचे.

काकूंना वर चढता येत नाही, ही अडचण काकांच्या ध्यानात नव्हती असं नाही. त्यांनी त्यावर उपायही केला होता. कठड्याला एक कप्पी बसवली, दोर सोडला, दोराला लहान बादली. दिवसातून चार वेळा वरून घंटी वाजे, काकू खुब्याला हात लावत उठत, चहा करत, आणि तो बादलीतून वर जाई. ही कप्पी काका पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं दाखवत. "तिला जिना नको म्हनून केली," ते सांगत. पाहुणे मान डोलावत. मला दर वेळी राग यायचा आणि दर वेळी मीही त्याच बादलीतून आलेला चहा प्यायचे.

एका रविवारी मी काकूंना सरळच म्हटलं, "काकू, डॉक्टरांनी पत्ता दिला होता ना? आपण दोघी जाऊ. तयार मिळतो."

काकू तांदूळ निवडत होत्या. "ठावं हाय गो मला."

"मग?"

"त्यांनी शब्द टाकलाय. मी बाहेरनं आनला तर हे गच्चीवरनं खाली कशाला येतील?" थोडा वेळ त्यांची बोटं तांदळात फिरत राहिली. "आनि कसा हाय, एवढ्या वर्षांत माझ्या पायासाठी कोन काय करतंय, हे पयल्यांदाच बगते. अर्धवट का होईना."

दोन खडे मी पण काढले.

पंप शेवटी आला तो तिसऱ्या वर्षी, गणपती झाल्यावर. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून, लाकडी खोक्यात, भुसा भरून. काकांनी खोकं उघडण्याआधी नारळ फोडला. पंप दिसायला खरंच देखणा होता, निळा, जड, आणि आवाज इतका कमी की चालू आहे का ते बघायला हात लावावा लागे. साडेएकोणतीस इंच. काका तासभर नुसते काट्याकडे बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते खोटं नव्हतं. माझी चेष्टा त्या दिवसापुरती बंद झाली.

आता साचा. त्यासाठी हमरापूरचे बाळादादा होते, काकांचे शाळेपासूनचे दोस्त, तीन पिढ्यांचे मूर्तिकार. गणपती संपल्यावर त्यांचा हात जरा मोकळा असतो. पण काकूंनी अट घातली. पायाला पुरुषाचा हात लागणार नाही, आणि दार बंद पाहिजे. मग बाळादादांच्या बायको आल्या. त्यांनी ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या काकूंच्या पायाला गुंडाळल्या, मी परात धरली. काकूंचा पाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पोटरी अशी नव्हतीच. नडगीवर कातडी, आत गेलेली बाजू, घोट्याशी लोखंडाचे जुने घट्टे. काकू सगळा वेळ खिडकीकडे बघत होत्या. सुकल्यावर ते टरफल कापून काढलं आणि फडक्यात गुंडाळून हमरापूरला गेलं. त्यात प्लास्टर ओतून बाळादादा पाय तयार करणार होते.

काका दारापर्यंत सोडायला गेले. "बाळ्या, एकच सांगतो," ते म्हणाले, "फिनिशिंग एक नंबर पायजे. साच्यावर खड्डा दिसता कामा नये. खड्डा ऱ्हायला का हवा ऱ्हायली, हवा ऱ्हायली का पंप फुकट."

"मला शिकवतोस?" बाळादादा म्हणाले. "एकवीस दिवसांत दीडशे मूर्त्यांचं फिनिशिंग केलंय या हातानं."

आठ दिवसांनी पाय आला. मी तेव्हा सेकंड शिफ्टला होते, मला दिसला नाही. काका सांगत होते की असा गुळगुळीत साचा दाढीवाल्याच्या बापानं पाहिला नसेल.

रविवारी सकाळी काकांनी रेझिन ओतायचं ठरवलं. मी गच्चीवर गेले तेव्हा साच्यावर कापड चढलेलं होतं, वर पिशवी, पंप सुरू. आणि काटा बावीसच्या पुढं जाईना. कुठंतरी गळत होतं. साडेएकोणतीसचा पंप, आणि पिशवी बावीसवर अडलेली. काकांनी कडा दाबल्या, पट्टी बदलली, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पिशवीला आणि दुसरं कानाला लावून ऐकलं. दुपारचे बारा वाजले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. पिशवीच्या कडा कितीही दाबा, गोल पायावरून वळताना तिला सुरकुत्या पडायच्या आणि हवा तिथूनच शिरायची.

खालून काकू ओरडल्या, "जेवायला येताय का नाय?"

"पिशवीला चुन्या पडतात," काका कठड्यावरून रडवेल्या आवाजात म्हणाले. "दाबल्या तरी सुटतात."

"मग खाली आना ना. चुन्या मला घालता येतात."

तीन वर्षांत काकांना हे सुचलं नव्हतं, आणि मला तरी कुठं सुचलं होतं. आम्ही पंप, पिशवी, सगळा पसारा स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी आणला. काकूंनी स्टूल ओढलं, हात धुऊन कोरडे केले आणि पिशवी हातात घेतली. आतल्या पायाकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. हवा अर्धी ओढलेली, काळं कापड साच्याला चिकटलेलं, आकार स्पष्ट दिसत होता. मग करंजीला मुरड घालतात तशी त्या चिकटपट्टीला मुरड घालत गेल्या, जिथं प्लास्टिक जास्त होतं तिथं मोदकाच्या कळीसारखी उभी चुणी काढून तिच्या पोटात पट्टी भरली, अंगठ्यानं दाबली, पुढं सरकल्या. पाऊण तास. काटा बावीसवरून पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस. मग साडेएकोणतीस.

काका नळीचा चिमटा काढून रेझिन सोडत असताना माझं लक्ष काट्याकडे होतं, त्यांचंही. काळ्या कापडावर ओला डाग पसरत गेला, पोटरीवरून घोट्याकडे, घोट्यावरून तळव्याकडे. फार सुंदर दिसत होतं ते. रेझिन तळव्याच्या टोकाला पोचलं आणि तिथून पंपाच्या नळीत शिरलं. वाटेत ते अडवायला एक भांडं लावायचं असतं. दुसऱ्या वहीत त्याचं चित्र होतं, रंगवलेलं. भांडं लावायचं राहिलं होतं.

"अवो, तुमचा पंप पितोय," काकू म्हणाल्या.

पंपानं एक आचका दिला, आणि पहिल्यांदाच मोठा आवाज केला. मग थांबला, कायमचा. मी पंपाकडची नळी वाकवून दाबून धरली, काकूंनी कपडे वाळवायचा चिमटा दिला, तो लावला. काका जमिनीवर बसले. "गेलं," ते म्हणाले. पंप नाही म्हणजे पिशवी सुटणार, पिशवी सुटली म्हणजे सगळं वाया.

पण काटा हलला नाही. अर्धा तास झाला, तास झाला, चारचा चहा झाला, काटा साडेएकोणतीसवर. काका गुडघ्यांवर रांगत पिशवीभोवती फिरले. "पंप बंद हाय. मग हे धरतंय कसा?"

"मुरड नीट घातली का पंप कशाला लागतो?" काकू म्हणाल्या. "करंजी काय कोन धरून बसतं तेलात?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी पिशवी फाडली, साचा फोडला आणि कवच कापून सारखं केलं. काळं, चमकदार, बोटावर तोलता येईल इतकं हलकं. शेजारपाजारचे बघून गेले. फ्रिजवालाही येऊन गेला. काकांनी पट्टे बसवले आणि काकूंसमोर ठेवलं, पाठवणीचा आहेर ठेवावा तसं. काकू ते घेऊन आत गेल्या, दार लावलं. मग त्या बाहेर आल्या, नऊवारीचा काठ जमिनीला टेकलेला, आणि एक पाऊल टाकलं. आत काहीतरी खडखडलं. दुसऱ्या पावलाला कवच पायाभोवती फिरलं आणि टाच पुढं आली. मी पुढं होऊन त्यांना धरलं नसतं तर त्या पडल्या असत्या.

"पट्टा आवळून घे," काका म्हणाले.

"पट्ट्याचं नाय," काकू म्हणाल्या. "पाय माझा नाय ह्यो."

त्यांनी कवच काढून काकांच्या हातात दिलं. काकांनी आत हात घातला. भरलेली, गोल, डौलदार पोटरी, देवीच्या मूर्तीची असते तशी. बाळादादांनी आत गेलेली बाजू बघितली, खड्डा म्हणून प्लास्टरनं भरली, पॉलिश पेपर मारला आणि पाय सुंदर केला. वर्षभर ते हेच तर करत असतात. त्यात काकांनी बजावून सांगितलेलं.

काका तसेच मोटारसायकल काढून हमरापूरला निघाले. मी मागे बसले, कारण त्यांचा रागरंग बघून काकूंनी मला तसं सांगितलं. बाळादादा कारखान्यात माघी गणपतीच्या मूर्तीला सोंड लावत होते. काकांनी कवच त्यांच्यासमोर आपटलं. "तीन वर्षं घातली मी ह्यात. आनि तू पाय बदललास?"

बाळादादांनी कवच उचललं, फिरवून बघितलं. त्यांना खरंच काही कळत नव्हतं. मग कळलं, आणि त्यांचं तोंड उतरलं. "चुकला माझा हात," ते म्हणाले. "सवय हाय रे हाताची. मला वाटला पट्टी दबून खड्डा पडलाय." मग त्यांनी काकांकडे बघितलं. "पन मी तर तो पाय कधी बघितलेला नाय. साचा तुझ्याकडं दोन दिवस होता. कापड तू गुंडाळलंस, तुझ्या हातानं. तू नवरा हायस. तुला नाय कळला?"

काकांनी कवच उचललं आणि मोटारसायकलकडे निघाले. परतीच्या वाटेवर ते चक्क वीसच्या वेगानं गाडी चालवत होते आणि मागून ट्रकवाले शिव्या देत होते.

घरी काकू जेवणाची पानं घेत होत्या. जुना लोखंडी कॅलिपर पुन्हा पायात. काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बगू," ते म्हणाले.

"काय?"

"पाय."

मी उठले. "बस गो तू," काकू म्हणाल्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या. "चौतीस वर्षं उलटली," त्या म्हणाल्या. "तुमी उठायच्या आधी घालते आनि दिवा मालवल्यावर काडते. आई सांगायची, नवऱ्याला दाखवू नको, मन उतरंल. आनि तुमी बी कदी इचारलं नाय."

"मला वाटला, तुला आवडनार नाय."

"मला नसता आवडला. तरी इचारायचा होता." काकूंनी हातातलं पान खाली ठेवलं. "काल त्या पिशवीत बगितला मी. तेवाच कळला, माझा नाय म्हनून."

"मग बोलली का नाय? एवढी चुन्या घालीत बसलीस ती?"

"तीन वर्षांत मला पयल्यांदा हात लावायला बोलावलंत," काकू म्हणाल्या. "आनि पाय बी चांगला होता वो. म्हटलं, बगूया तरी, धड असता तर कसा दिसला असता."

मी मागच्या दारानं माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं आणि काकांचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी बसमध्येसुद्धा तो उतरला नाही.

दुसरा साचा काकांनी स्वतः घेतला. दार बंद होतं, आत दोघंच. दीड तासानं ते बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत प्लास्टर माखलेलं, चेहरा ओला. "लहान हाय गो," ते मला म्हणाले, "माझ्या मुठीत येतो." बस, एवढंच. मग नळावर हात धूत राहिले, प्लास्टर निघून गेल्यावरही. पाय ओतला, कोणी पॉलिश पेपर मारला नाही. पंप फ्रिजवाल्याकडून मागून आणला, तोच, पावसात तेल दूध होणारा. चुण्या काकूंनी घातल्या. सगळं मिळून चार दिवस लागले. ते चार दिवस मी मनात त्या तीन वर्षांशेजारी ठेवून बघायचे, आणि काकाही बघत असावेत, कारण त्या दिवसांत ते कोणालाच काही समजावून सांगत नव्हते.

कवच निघालं ते दिसायला कुरूपच. एका बाजूनं बुडबुडा, वरची कड जरा वाकडी, आत दबलेलं. या वेळी काकू आत गेल्या नाहीत. ओसरीवर खुर्चीत बसल्या, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, आणि काकांनी त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेऊन कवच चढवलं. पट्टा ओढला, आणखी ओढला, जोर लावून आणखी एक भोक पुढं नेला.

"जरा सैल करा," काकू म्हणाल्या. "पाय हाय तो. पंप नाय."

काकांनी पट्टा एक भोक मागं घेतला आणि वर काकूंच्या तोंडाकडे बघितलं. "आता?"

काकू उभ्या राहिल्या. एकदा वजन टाकून बघितलं, दुसऱ्यांदा टाकलं. "आता बरा हाय," त्या म्हणाल्या, आणि कोणाचा हात न धरता जिन्याकडे निघाल्या.